रस्ता ताब्यात घेताना

कनिष्ठ अभियंता म्हणून नोकरीला लागलो तेव्हा माझ्याकडं पहिलं काम आलं ते नव्या लेआउटमधले रस्ते ताब्यात घ्यायचं. बिल्डर शेतजमीन एनए, म्हणजे बिगरशेती करतो, प्लॉट पाडतो, रस्ते आणि नाल्या करून देतो. मग आम्ही जाऊन मोजमाप घ्यायचं, अहवाल द्यायचा, आणि तिथून पुढं देखभाल आमच्या कचेरीकडं. तोवर तो रस्ता कुणाचाच नसतो.

पैठणच्या रस्त्याला, शहर संपतं तिथून थोडं पुढं असा एक लेआउट होता. प्लॉट सगळे विकले गेलेले, पण राहायला एकच घर आलेलं: एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर आणि त्यांची बायको. बाकी नंबर घातलेले दगड, तारा नसलेले खांब आणि गुडघाभर गवत. मी पहिल्यांदा गेलो ते सकाळी नऊच्या सुमारास. गाडी लावून टेप काढताना लक्षात आलं की रस्ता झाडलेला आहे. अंगण झाडतात तसा. मुरमाच्या धुळीत खराट्याच्या अर्धगोल रेघा पार टोकापर्यंत गेल्या होत्या आणि त्यांवर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. रस्त्याच्या मध्येच, कुठं डावीकडं, कुठं उजवीकडं, हातभर जागेत सडा घातल्याचे ओले डाग होते आणि त्यावर रांगोळीच्या दोन-चार रेघा. समोर एकही दार नव्हतं.

मला वाटलं, कंडक्टरांच्या घरचं काम असेल. विचारलं, तर ते म्हणाले, "आम्ही कशाला एवढं झाडू? आम्हाला वाटलं तुमचीच माणसं येतात."

त्यांची बायको दारातूनच बोलली. "सकाळी आवाज येतो खराट्याचा. दार उघडलं की थांबतो. हे म्हणतात बघून येऊ. मी जाऊ देत नाही."

दुसऱ्यांदा गेलो तेव्हाही तसंच. त्या दिवशी मी टेप धरून चालताना मागं वळून पाहिलं, तर स्वच्छ रस्त्यावर फक्त माझेच बूट उमटत आले होते. का कोण जाणे, मी मोजणी अर्धी टाकून परत आलो.

तिसऱ्यांदा मुद्दाम लवकर गेलो. ऊन नुकतंच पडलं होतं. लांब टोकाला एक म्हातारी बाई मागं मागं सरकत झाडत येत होती, स्वतःची पावलं स्वतःच पुसत. काष्ट्याचं हिरवं लुगडं, कमरेला पाण्याची बारकी कळशी. ती बोलत होती. बोलायची, थांबायची, मान डोलवायची आणि पुन्हा बोलायची. जवळ येईस्तोवर मी तसाच उभा राहिलो.

"सरका जरा, सायेब," ती वर न बघता म्हणाली. "उंबऱ्यात उभे हायत तुम्ही."

मी सरकलो. तिनं तिथं पाणी शिंपडलं.

"मावशी, इथं घर होतं का?"

"व्हय की. समदी वस्तीच होती आमची. मेंढरंवाल्यांची. मालकानं रान इकलं, मंग आमी उठलो." आता ती पलीकडच्या माळावर एका पालात एकटीच राहत होती. दोन पुतणे वीटभट्टीवर गेले, मुलगा वाळूजला कंपनीत लागला, थोरली जाऊ आणि सासू वारल्या. हे सगळं तिनं एकाच सुरात सांगितलं.

"मी रस्ता ताब्यात घ्यायला आलोय," मी म्हणालो.

"मंग तुमाला ठावं पाहिजे," असं म्हणून तिनं मला बरोबर घेतलं. दर ओल्या जागेपाशी ती थांबायची. "ही थोरल्या जावंची खोप. ही चुलत्याची." मग समोरच्या मोकळ्या हवेला सांगायची, "सायेब आलेत. रस्ता त्येंचा होणार हाये." आणि उत्तराला वेळ द्यायची. मीही तिच्यासोबत थांबायचो. एका ठिकाणी ती जरा जास्तच थांबली आणि माझ्याकडं वळून हळू म्हणाली, "इथं लई येळ नका थांबू. सासूला परका माणूस खपत नाय."

मी खरोखर पुढं सरकलो. 

अहवाल मी दिला. त्याच्या छापील अर्जात 'सध्याची देखभाल' या रकान्यात बिल्डरनं आधीच स्वतःचं नाव भरून दिलं होतं. मी ते खोडलं आणि लिहिलं, 'रस्ता रोज झाडला जातो.' कुणी काही विचारलं नाही. रस्ता ताब्यात आला.

पुढं पाण्याची लाइन टाकायची म्हणून चर खोदायला घेतला. मजूर खोदत होते, मी आखणी बघत होतो. हातभर खाली राख लागली. मग तीन काळे दगड, चुलीचे, आणि पाट्याचा तुकडा. सासूच्या खोपीची तीच जागा होती. खोदणाऱ्यानं टिकाव खाली ठेवला आणि माझ्याकडं पाहत राहिला.

"बुजवा," मी म्हणालो. "पलीकडून घेऊ."

चर चार फूट सरकवून घेतला. मोजमापाच्या वहीत कारण लिहिलं, 'खडक लागला.' आमचे मोठे साहेब पाहणीला आले, ढिगाऱ्यातली काळी भुसभुशीत माती त्यांनी चिमटीत धरली, वही पाहिली, मला पाहिलं. "खडक," ते म्हणाले, आणि सही केली.

पावसाळ्यानंतर गेलो तेव्हा रस्त्यावर पाला पडलेला होता. कंडक्टरांच्या बायकोनं सांगितलं की म्हातारीचा मुलगा वाळूजहून मोटारसायकल घेऊन आला आणि आईला घेऊन गेला. जाताना तिनं त्याला याच रस्त्यावर दर थोड्या अंतरावर गाडी थांबवायला लावली.

"वैतागला असेल," मी म्हणालो.

"नाही हो. शिफ्टला उशीर होत होता म्हणाला, पण दरवेळी गाडी बंद करायचा. पायातली चप्पलसुद्धा काढायचा."