सरकीचे डोळे

माझे भावोजी गादीवाले. गाद्या, उशा, दुलया करून देणारे. जन्मभर दुसऱ्यांच्या झोपेची सोय करणारा हा माणूस स्वतः मात्र दुपारी दुकानातल्या लाकडी बाकावर पाठ टेकायचा. आणि बोलायचा इतकं कमी, की ताईच्या लग्नानंतर बरेच दिवस आमच्या आईला वाटत होतं, जावयाला आपलं काहीतरी खटकलंय. ताई हसायची. म्हणायची, "अगं, यांच्या तोंडात सदा दोरा असतो, बोलतील कसे?" ते खरंच होतं. गादीला टाके घालताना हातात दाभण आणि दातांत दोरा, असा त्यांचा अवतार असायचा.

दुकान खाली, घर वर, मधे अरुंद लाकडी जिना. दुकानाच्या मागच्या भागात कापूस पिंजायचं यंत्र होतं. ते सुरू झालं की भिंती थरथरायच्या आणि हवेत बारीक तंतू उडायचे. पंख्याची पाती, खिडकीचे गज, भावोजींच्या भुवया, सगळं पांढरं. अशाच एका कापसाच्या पोत्यात मांजराचं पिल्लू सापडलं, काळं आणि एवढंसं. पिंजताना चुकून राहून गेलेल्या बीसारखं दिसलं, म्हणून ताईनं नाव ठेवलं सरकी. भावोजींनी तिला बाहेर ठेवायला सांगितलं आणि ताईनं ऐकलं नाही. मग व्हायचं तेच झालं. महिनाभरात सरकी भावोजींच्या मांडीवर आणि भावोजी अवघडून बसलेले, कारण उठलं तर ती जागी होईल.

ताई शिवणयंत्रावर खोळी शिवायची, सरकी तिच्या पायाशी चिंध्यांच्या पोत्यावर. गिऱ्हाईक आलं की दोघी मिळून वर बघायच्या. त्या पिल्लाचे डोळे पहिल्यापासून नाजूक. अधूनमधून एक डोळा पाणावायचा, लाल व्हायचा, ती तो मिटून घ्यायची. जनावरांच्या डॉक्टरीणबाई थेंब द्यायच्या, थोड्या दिवसांत डोळा उघडायचा. थेंब घालायची भावोजींची स्वतःची रीत होती. खोळीच्या उरलेल्या कापडात सरकीची वळकटी करायची, डोकं तेवढं बाहेर ठेवायचं आणि आपल्या दोन गुडघ्यांत धरायची. ताई थेंब घालायची. सरकी असं काही बघायची की आम्हाला हसू आवरायचं नाही.

मग ताईची छाती बिघडली. छातीत कापूस गेला म्हणायचे सगळे, कापसानं छाती धरली. डॉक्टरांनी धुळीपासून लांब राहायला सांगितलं. भावोजींना एखादी गोष्ट पटली की ती दगडावरची रेघ. त्यांनी ताईला वरच्या खोलीत हलवलं आणि खाली यायची बंदी केली. ताईला माणसं लागायची, तिचं मन त्या चार भिंतींत रमेना. ती काठीनं जमिनीवर ठोकायची. भावोजी यंत्र थांबवून वर जायचे. "मला खाली बसू द्या," ती म्हणायची. "धूळ आहे," एवढं बोलून ते उतरायचे. एका सकाळी ती त्या खोलीतच गेली. खाली यंत्र सुरू होतं. त्या आवाजात भावोजींना काही कळलं नसणार, असं आम्ही सगळे धरून चाललो.

ताई गेल्यावर मी दर रविवारी त्यांच्याकडे जाऊ लागले. माझी जीभ जरा तिखट आहे, हे मला ठाऊक आहे. पण त्या घरात कुणीतरी बोलायला हवं होतं.

सरकीचा डोळा पुन्हा आला तेव्हा भावोजी तिला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. मी बरोबर होते. बाईंनी विचारलं, दुकानात फार धूळ असते का? असते, म्हणाले. धूळ कुणाच्याच डोळ्यांना बरी नाही, असं बाई सहज बोलल्या. पुढे त्यांनी बरंच समजावलं. हा विषाणूचा आजार आहे, लहानपणीच अंगात शिरलेला, झोपून राहतो आणि मांजराच्या जिवाला घोर लागला की उठतो, म्हणून तिला जपा. मी ऐकलं. भावोजींनी फक्त धूळ ऐकली.

दुसऱ्या रविवारी गेले तर सरकी खाली नव्हती. वरच्या खोलीचं दार बंद. आत फरशी आरशासारखी पुसलेली, पडदे काढलेले, खिडकीच्या फटींत कापडाच्या पट्ट्या ठासलेल्या. भावोजी वर जाताना अंघोळ करायचे, कपडे बदलायचे, थेंब घालायचे आणि लगेच खाली यायचे, आपल्या अंगचा कापूस तिला लागू नये म्हणून. म्हणजे जन्मल्यापासून कापसाच्या आणि या माणसाच्या वासात वाढलेल्या जिवाजवळ आता दोन्ही नव्हते. मी म्हटलं, भावोजी, हिला कोंडू नका, बाईंनी घोर लावू नका म्हणून सांगितलंय. ते म्हणाले, "एकदा धुळीनं नेलंय." तरी मी बोलले. दर रविवारी बोलले. पालथ्या घड्यावर पाणी.

सरकी दार खरवडायची. पुढे पुढे तेही थांबलं. डोळा बरा व्हायचा आणि पुन्हा यायचा, मग दुसरा. जितका डोळा बिघडे तितकी भावोजींची पुसापुशी वाढे. एका रविवारी उजव्या डोळ्यावर निळसर पांढरी साय धरलेली दिसली. ती अन्नाला तोंड लावत नव्हती. मी तिला कापडात गुंडाळलं आणि भावोजींना म्हटलं, चपला घाला.

डॉक्टरीणबाईंनी दिवा लावून बराच वेळ बघितलं. मग विचारलं, ही दिवसभर कुठे असते, कुणाजवळ? भावोजी कधी नव्हे ते भरभरून बोलले. बंद खोली, ओली फडकी, खिडकीच्या पट्ट्या, सगळं सांगितलं. एखाद्या हुशार मुलानं पाठ केलेला धडा म्हणून दाखवावा तसं. बाई ऐकत होत्या. त्यांनी दिवा बंद केला.

"काका," त्या हळूच म्हणाल्या, "धुळीनं थोडं चुरचुरलं असतं. हे एकटेपणानं झालंय."

उजवा डोळा काढावा लागला. डाव्यात उजेड-अंधार कळण्यापुरतं काही उरलं असेल तर असेल, असं बाई म्हणाल्या. त्यांनी दोष दिला नाही. तुमच्याजवळ राहू द्या एवढंच सांगितलं.

सरकीला घरी आणलं तेव्हा भावोजी जिन्यापाशी थांबले. वर गेले नाहीत. दुकानात आले, बाकावर बसले, वळकटी मांडीवर. मी यंत्राकडे पाहत होते, कारण त्यांच्याकडे पाहवत नव्हतं.

"त्या दिवशी तिनं काठी ठोकली होती," ते म्हणाले.

मला आधी समजलंच नाही.

"मला ऐकू आली होती. म्हटलं, खाली यायचंच म्हणत असेल. गादी अर्धी भरून झाली होती. म्हटलं, एवढी संपवू आणि जाऊ."

इतके दिवस जी गोष्ट आम्ही त्यांच्यासाठी यंत्राच्या आवाजाखाली झाकून ठेवली होती, ती त्यांनी स्वतःच उघडी केली. मला त्यांचा संताप आला, खोटं कशाला बोलू? माझी बहीण होती ती. आणि त्याच वेळी तो माणूस असा काही बसला होता, की त्याला एक शब्द बोलायचीही हिंमत होईना. सरकीनं वळकटीतून नाक बाहेर काढलं, हवा हुंगली आणि धडपडत खाली उतरली. बाकाला आपटली, शिवणयंत्राच्या पायाला आपटली, आणि चाचपडत चिंध्यांच्या पोत्यावर जाऊन बसली. ताईच्या रिकाम्या खुर्चीशेजारी. तेव्हा भावोजी रडले. मीही रडले.

पुढे त्यांनी यंत्र विकून टाकलं. आता कापूस बाहेरून पिंजून आणतात आणि हातानं गाद्या भरतात. सरकी पोत्यावर असते. तिला दिसत नाही आणि आपण कुठे आहोत ते तिला कळलं पाहिजे, म्हणून भावोजी दिवसभर बोलतात. दोरा दातांत धरणं त्यांनी सोडलंय. आता कोपरा शिवतोय, आता दाभण घ्यायला उठतोय, लगेच येतो, इथंच आहे मी. गिऱ्हाइकं हसतात. म्हाताऱ्याला वाचा फुटली म्हणतात.

मी रविवारी जाते आणि ऐकत बसते. यातलं थोडं ताईच्या वाट्याला आलं असतं तर, हे दर वेळी माझ्या ओठांवर येतं. माझ्या तिखट जिभेनं गिळलेला हा एवढा एकच शब्द. तेवढ्यात ते दाभण आणायला उठतात. उठण्याआधी म्हणतात, "येतो हं, लगेच येतो." आणि सरकी कान त्यांच्याकडे वळवून वाट बघते.