दिगूचे फोटो आणि माझ्या फ्रेमा

फ्रेमांचं दुकान म्हटलं की गिऱ्हाइकं कमी आन् गप्पाच जास्त! केडगाव स्टेशनजवळच्या माझ्या दुकानात आमचं टोळकं बसतं, त्यात दिगू असला की किश्शांना तोटा नाही. पेपरसाठी बातमीचे फोटो काढतो आन् उरलेल्या वेळात त्याचे ते ‘प्रयोग’. पुण्यात प्रदर्शनं भरतात. पण गड्याला एकच सल. त्याच्या गावात, कवठे येमाईत, कुणी त्याचा असला फोटो घरात लावला नाही. लग्नातले लावतात. प्रयोगाचं नाव काढू नका!

*

एकदा पठ्ठ्यानं कांदे काढणाऱ्या बायकांचे फोटो चक्क कांद्याच्या गोण्यांवर छापले. पुण्यात लोक म्हणे बघत उभे राहिले. घरी आल्यावर आई म्हणाली, “झालं का तुझं समदं? मग गोण्या मोकळ्या कर. कांदा भरायचाय.”

आम्ही हसलो. दिगू पण हसला.

*

शिरूरकडं बिबट्यानं उच्छाद मांडलाय. तो नरडंच धरतो, म्हणून उसाच्या कडंला कामाला जाताना बाया गळ्यात खिळ्यांचे पट्टे बांधतात! पेपरला बिबट्या हवा होता. ह्यानं पट्टा बांधलेल्या एका आजीसमोर कॅमेरा धरला. तर ती म्हणते कशी, “थांब रं, पदर सारते. एवढा मोठा डागिना जल्मात पयल्यांदा घातलाय. नीट येऊ दे!”



*

भांडगावजवळ हायवेला अपघात झाला. गर्दी मोबाईल वर करून उभी. दिगूनं रस्त्यावर पडलेली एक चप्पल टिपली, बस्स! ऑफिसातून फोन आला, “अहो, यात माणूस कुठाय?”

“मी बी तेच बघतोय, साहेब.”

फोटो छापला नाही. मला लई वाईट वाटलं.

*

मग त्यानं पाठमोरी माणसं टिपायचं खूळ घेतलं. लोक वैतागायचे, “तोंडाला काय झालंय आमच्या?” त्याच्या शेजारचे सखाराम आप्पा तर शिव्याच घालायचे. तरी दिगूनं त्यांना बांधावरनं चालताना मागून टिपलं, प्रिंट नेऊन दिली. आप्पांनी ती धान्याच्या कणगीमागं टाकली.

परवा आप्पा गेले. दहाव्याला फोटो पाहिजे, म्हणून आधार कार्डावरचा मोठा करून मी फ्रेम केली. आधार कार्डावरचा फोटो कसा असतो, ठाऊकच आहे! दिगू आन् मी ती घेऊन आप्पांच्या घरी गेलो. काकूंनी फ्रेम हातात घेतली, बघितली, बाजूला ठेवली. लेकाला म्हणाल्या, “ह्यो न्हाई. कणगीमागचा काढ.”

लेक ओशाळला. “आये, त्यात तोंडच न्हाई! पावणे काय म्हणतील?”

काकूंनी त्या फोटोवरची धूळ पदरानं पुसली.

“तोंड पावण्यांनी बघितलं असंल. मी जल्मभर त्यांच्या मागनं चालले.”