पिवळं पाणी

कुरुंद्याच्या शिवारात हळद शिजायला लागली की कुणाचेच हात हाताच्या रंगाचे राहत नाहीत. साबण लावा, राख लावा, भाकरीसुद्धा पिवळी उतरते. जनकाबाईचे हात तर सगळ्यांत पिवळे. काहिलीतल्या हळदीला काडी टोचून ती शिजली की नाही हे सांगायचं काम सासरी आल्यापासून तिच्याकडे. काडी आरपार गेली तरच ती "काढा" म्हणे. नुसत्या वासावरून सांगणाऱ्याला ती बांधावरून हुसकून लावायची.

अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात तिचा एकुलता एक लेक संतराम चक्कर येऊन पडला. वाळलेली हळद घासायचा ढोल फिरवत होता, तिथंच. डोळे पिवळे, लघवी पिवळी, अन्नावर वासना नाही. सून वैजंता पोटुशी होती. जनकाबाई म्हणाली, याला आत्ताच्या आत्ता वसमतच्या दवाखान्यात न्या.

"काविळीला सुई चालत न्हाई," नवरा ग्यानबा म्हणाला. "दगडोबा उतरवतो बराबर."

दगडोबा शेजारच्या गावचा. काशाच्या ताटात साधं पाणी घ्यायचा, काहीबाही पुटपुटत रोग्याचे तळहात त्यात चोळायचा. पाणी पिवळं झालं की कावीळ उतरली, असा त्याचा पुरावा. संतरामचं पाणी पिवळंधमक निघालं आणि अंगणातले लोक हरखून गेले.

"आवं, ती हळद हाय!" जनकाबाई ओरडली. "पडेस्तोवर ढोल फिरवला की त्यानं."

"आमाला हळद कळत न्हाई व्हय?" ग्यानबा खेकसला.

ती वाद घालत बसली नाही. ताज्या पाण्याचं ताट पुढं ओढलं आणि त्यात स्वतःचे हात चोळले. पाणी लेकाच्या पाण्याहून पिवळं झालं. "घ्या! मला कुठं कावीळ हाय?"

बाई जिंकली होती, पण दगडोबा कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्यानं तिसरं ताट मागवलं आणि आपले हात धुतले. पाणी नितळ. या गड्यानं जन्मात कधी हळद उपटली नव्हती की शिजवली नव्हती.

"माझं बघा आन् हिचं बघा," तो म्हणाला. "हिच्या अंगात मुरलीय. मायकडूनच लेकराला गेली."

"मग तुमी बी घाला हात," जनकाबाई नवऱ्याला म्हणाली. "समदेच घाला!"

ग्यानबानं हात काखेत घातले. बाकीचेही जागचे हलले नाहीत. ताटात काय निघेल याची प्रत्येकाला धास्ती. इतके पिवळे हात त्या अंगणात होते आणि एकही पाण्यात गेला नाही. या भेकडांना माणसं म्हणायचं!

दगडोबाचं उतरवणं चालूच राहिलं. पाणी दर खेपेला थोडं फिकं व्हायचं, लोक म्हणायचे गुण येतोय. संतराम मात्र बरळायला लागला. तेव्हा कुठं त्याला जीपमध्ये घातलं. वसमतच्या डॉक्टरनं नाडी पाहिली आणि हात सोडला.

मातीहून परतल्यावर ग्यानबा सगळ्यांदेखत म्हणाला, "मायनं खाल्लं लेकराला."

त्या दिवसापासून तिचं ताट वेगळं, तांब्या वेगळा. नातू झाला तो तिला लांबून दाखवला. तिला साधा तापही आला नाही, तर लोक म्हणाले, "तिला कशाला होईल कावीळ? तिनं आपली लेकाच्या अंगावर टाकली ना!" आजारी पडली असती तरी तोच पुरावा झाला असता. वर्षानुवर्षं ती एकच सांगत राहिली, "ती हळद व्हती. मला म्हाईत हाय."

नातू चार वर्षांचा झाला. एके दुपारी घरात कुणी नसताना तो ओट्यावरून पडला. गुडघा फुटला, रक्त आलं. रडत, दोन्ही हात पसरून तो आजीकडे धावला.

जनकाबाई पुढं झाली आणि थबकली. मग एक एक पाऊल मागं सरकत भिंतीला जाऊन टेकली.

"नगं रं बाबा," ती रडत म्हणाली. "माझ्याजवळ नगं येऊ."