माळ्याने घासलेलं खोड

माझे धाकटे दीर वनस्पती उद्यानात माळी आहेत. चौतीस वर्षांची नोकरी, त्यातली वीस एकाच झाडापाशी. त्या जातीची झाडं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत, म्हणून त्याला कुंपण, पाटी, नंबर, सगळा थाट. भाऊजींचं लग्न राहिलं ते राहूनच गेलं. माया सगळी त्या झाडावर. दर शनिवारी खोड घासायचं. आमच्या घरातले टूथब्रश म्हातारे झाले की त्यांच्याकडे कामाला लागायचे.

"स्वतःची मान तरी इतकी घासतोस का रे?" आमचे हे त्यांना चिडवायचे.

गेल्या महिन्यात एक संशोधक मुलगी भिंग घेऊन आली आणि झाडाभोवती फिरफिर फिरली. त्या संध्याकाळी भाऊजी घरी आले. चहा निवला तरी कप हातातच.

"वहिनी, त्या सालीवर दगडफुलासारखं काहीतरी उगवतं म्हणे. राखाडी, पापुद्र्यासारखं. दुसऱ्या कुठल्याच झाडावर येत नाही. मला आपलं वाटायचं, झाडाला खरूज झालीय."

"अहो, मग येईल की परत!"

"कुठलं येतंय! झाडाचं बी तरी असतं. मी अकरा रोपं केली. ह्याचं रोप कुठून आणू? वर्षाला नखाएवढंही वाढत नाही, आणि धरतं ते जुन्या सालीवरच. झाडाला मी होतो. त्याला कोण होतं? उलट मीच..."

दुसऱ्या दिवशी ते डबा विसरले, म्हणून मीच घेऊन गेले. मुलगी शिडीवर, भाऊजी खाली शिडी धरून, मान खाली घालून.

"काका, आहे! अजून आहे!" ती वरून ओरडली.

शिडीला भिणारे भाऊजी चार पायऱ्या चढले. बेचक्याखाली, सावलीच्या बाजूला, तळहाताएवढा राखाडी तुकडा. कडेला बारीक झालर.

"हा कसा सुटला तुमच्या तावडीतून?"

"लहानपणी शिडीवरून पडलो, तेव्हापासून शिडी नको वाटते, आणि हा हात वर जात नाही."

"मग त्या खांद्याचे उपकार माना, काका."

भाऊजींनी बोट पुढे केलं आणि न टेकवताच मागे घेतलं.

शनिवारी त्यांनी एक कोरी पाटी माझ्यापुढे ठेवली. "अक्षर तुमचं चांगलं. लिहा, खोड कोणीही घासू नये."

मी लिहिलं. पाटी उचलून ते दारापर्यंत गेले आणि परत आले.

"खाली बारीक अक्षरात अजून एक लिहा, वहिनी. माळ्यानेसुद्धा."