भाड्याच्या अंगणात पुदिना की सीताफळ?

मंडळी, आज सकाळी आमच्या अंगणात वाद झाला. तो तुमच्यासमोर ठेवते.

सासूबाई धारूरहून आल्या त्या सीताफळाचं रोप घेऊनच. आम्ही अंबाजोगाईत भाड्यानं राहतो आणि नळाला आठ दिवसांनी पाणी येतं. म्हणून मी रंगाच्या जुन्या बादलीत फक्त पुदिना लावलाय. तो महिनाभरात खुडायला येतो आणि बदली झाली की बादलीसकट उचलून नेता येतो.

सासूबाई म्हणाल्या, "तू माहेराला गेलीस की तुझा पुदिना वाळतोय. सीताफळ एकदा धरलं की त्याला तांदूळ धुतलेलं पाणी बी लई झालं."

पुदिना वाळतो हे खरं आहे. उन्हाळ्यात दोनदा वाळला.

तरी मी म्हटलं, "आई, फळ यायला तीन-चार वर्षं लागतील. तोवर आपण इथं नसू. लोकांसाठी कशाला लावायचं?"

घरमालकीण काकू ओट्यावर मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मोरीजवळची लिंबोणी तुमच्या आधीच्या भाडेकरणीनं लावलेली हाय. एक लिंबू न खाता गेली ती."

चार वर्षं मी पुदिन्याच्या चटणीत त्याच झाडाचं लिंबू पिळतेय. तिचं नाव विचारलं, तर काकूंनाही आठवेना.

दुपारी खड्डा खणला आणि सीताफळ लावलं.

तुमच्या अंगणातलं झाड कोणी लावलंय, तुम्हाला माहीत आहे का?