हवा हलली त्या दुपारी

माझी मुलगी देवरूखच्या कॉलेजात फिजिक्स शिकवते. जमिनीचे हादरे टिपणारं एक यंत्र तिच्या प्रयोगशाळेत आहे. तसंच दुसरं तिने दाभोळला आमच्या पडवीत बसवलं. माझा जन्म बोटीच्या इंजिनरूममध्ये गेलेला, त्यामुळे त्याची राखण मी आनंदाने पत्करली.

गेल्या थंडीत एका दुपारी घरातली सगळी तावदानं खडखडली. बाहेर मात्र कसलाच आवाज नव्हता. शेजारीपाजारी ‘भूकंप, भूकंप’ करत आमच्या अंगणात जमले. मी मुलीला फोन केला. तिने दोन्ही यंत्रांच्या नोंदी ताडून पाहिल्या आणि उलट फोन केला. मी स्पीकर लावला.

“बाबा, भूकंप असता तर तिथला हादरा इथे काही सेकंदांत पोचला असता. याला जवळजवळ चार मिनिटं लागली. म्हणजे ही लाट हवेतून आली, आवाजाच्या वेगाने. कानाला न ऐकू येणारा आवाजच आहे तो. त्याच्या दाबाने जमीन किंचित दबते, ते यंत्राने टिपलं. समुद्रावर उल्का फुटली असावी.”

शेजारच्या काकूने विचारलं, “मग घरात जाऊ ना गो? चुलीवर भात आहे माझा.”

“खुशाल जा, काकू.”

सगळे निमूट घरी गेले. माझ्याकडे वळून कोणी खात्रीसुद्धा करून घेतली नाही. तिचा शब्द त्यांना पुरला.

संध्याकाळी होड्या परतल्या, तेव्हा भर दुपारी आभाळात लखलखाट पाहिल्याचं खलाशांनी सांगितलं. मी जेटीवरच होतो. ते काय होतं, हे भेटेल त्याला मी न विचारता सांगत सुटलो.