जावयासाठी वाणाची कोंबडी

मुळा चिरता चिरता बोंगिम मध्येच उठली आणि परसात जाऊन तिने ते पिल्लू पुन्हा धरलं. पिल्लू तरी कसलं, अंगाने कोंबडीएवढं झालेलं. मानेच्या कातडीला धरून उचललं तर त्याने पाय पोटाशी घेतले. म्हणजे तलंग, अजून अंड्यावर न आलेली मादी. खाली ठेवून पुन्हा उचललं, तर पाय नुसते लोंबकळत राहिले. म्हणजे नर.

“त्यालाच विचार एकदाचं,” ओट्यावर वारा घेत बसलेला तिचा नवरा पान्सुल म्हणाला.

दुसऱ्या दिवशी जावई लग्नानंतर पहिल्यांदाच जेवायला येणार होता. सासूने जावयासाठी वाणाची कोंबडी कापायची, ही रीत सोमजिन नदीकाठी कोणी मोडत नाही. वाणाची म्हणजे अंडी घालणारी, जिच्यावर परसातला वंश चालतो ती. कोंबडा काय, कोणीही वाढतो.

बोंगिम या घरात नवरी म्हणून आली तेव्हा सासूने तिच्या हाती एक तांबूस कोंबडी दिली होती. तोच वाण तिने आजवर राखला. यंदा वसंतात शेवटच्या कोंबडीने पिल्लं काढली आणि थोड्याच दिवसांत तिला रानमांजराने नेलं. पिल्लांपैकी नर जसजसे ओळखू आले तसतसे पातेल्यात गेले. उरली दोन. एक लालभडक तुऱ्याचा, पहाटेपासून घसा ताणणारा कोंबडा, आणि दुसरं हे, ज्याचा थांग लागत नव्हता. तलंग निघाली तर रीतीप्रमाणे तीच कापायची, म्हणजे वाण संपला. नर निघाला तर जावयापुढे वाढायला कोंबडीच नाही, आणि वाणही नाही.

बाजारातून एक आणू, असं पान्सुलने सुचवून पाहिलं. बाजारची कोंबडी बाजारवाल्याची, असं म्हणून तिने ते उडवून लावलं.

दुपारी ती चष्मा लावून त्याची कंबरेवरची पिसं उन्हात न्याहाळत बसली. नराची टोकदार होतात. याची गोलसर वाटत होती. पाय मात्र जाड. घरात येऊन तिने रश्श्यासाठी तांदूळ भिजवले, जिनसेंगची मुळी धुतली, पुन्हा बाहेर गेली. कोंबडा दाण्यांवर आला की ते मुकाट्याने बाजूला होत होतं. आरवणं तर नाहीच.

“तलंगच आहे,” ती म्हणाली. “वागणंच बाईचं आहे.”

“तू आलीस की मीही बाजूलाच होतो,” पान्सुल म्हणाला.

सकाळी तिने कोंबडा कापला. तलंग राखायची, कोंबडा कोंबडी म्हणून वाढायचा. नवऱ्याला तोंड उघडू नका म्हणून बजावलं.

जावई उशिक घाम पुसत पुसत गरम रस्सा ओरपत होता. मुलगी मियोंग खाता खाता थांबली.

“आई, वाणाची कापलीस? मग आता परसात काय राहिलं?”

“एक तलंग आहे.”

लोणच्याच्या रांजणांमागून काहीतरी खरखरलं. जुनं दार ओढावं तसा आवाज. मग पुन्हा, या वेळी लांब आणि स्वच्छ.

पान्सुलने वाडग्यातून मान वर न काढता म्हटलं, “थोरला होता तोवर धाकटा दबून होता. आता कंठ फुटला.”

मियोंग वाडग्याकडे आणि मग आईकडे पाहत राहिली. उशिकने चमचा खाली ठेवला.

“आई, तुमची तलंग छान आरवते.”

बोंगिमने उरलेली तंगडी उचलून त्याच्या वाडग्यात ठेवली. “हा कोंबडाच आहे, जावईबापू. कोंबडी राखायची होती म्हणून कापला. जेवा.”

त्याने चमचा उचलला आणि तंगडीला हात घातला. तिला मात्र बसवेना. ती परसात गेली. ते रांजणाच्या झाकणावर मान ताणून उभं होतं. सवयीने तिने मानेला धरून उचललं. पाय लोंबकळत राहिले. पुन्हा उचलून पाहायचं काही कारण नव्हतं.

“अहो,” तिने तिथूनच विचारलं, “बाजार कधी आहे?”